पठ्ठ्यापासून हजार किलोमीटरपर्यंत: रेसर कबुतराचा पल्ला मी कसा वाढवतो

शर्यतीच्या कबुतराला कितव्या वर्षी घरापासून किती लांब नेऊन सोडायचं, याचं उत्तर बहुतेक जण किलोमीटरमध्ये मागतात. मी ते तासांत धरतो. शर्यतीचा वेग मीटर प्रति मिनिट असा मोजतात, आणि वाऱ्याप्रमाणे तो केवढा बदलतो हे एकदा कागदावर मांडून बघावं. पाठीवर वारा असेल आणि १५०० मीटरचा वेग मिळाला, तर ३०० किलोमीटरला ३ तास २० मिनिटं लागतात. वारा समोरून आला आणि वेग ९०० वर घसरला, की तेच अंतर साडेपाच तासांचं होतं. पठ्ठ्याला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या कबुतराला, पहिला प्रवास सरावासारखा जातो. दुसऱ्यात कळपातले निम्मे उशिरा येतात आणि काही येतच नाहीत.

माझी ढोबळ मर्यादा अशी: पहिल्या वर्षी हवेत पाच तास, दुसऱ्या वर्षी आठ, तिसऱ्या वर्षी दहा ते अकरा, आणि त्यापुढे पूर्ण दिवस. किलोमीटर त्यावरून काढायचे, तेही सोडण्याच्या दिवशीचा वारा बघून. तिशीच्या वर तापमान जाणार असेल तर प्रत्येक मर्यादेतून एक तास वजा करतो, कारण उन्हात दमण्याआधी कबुतर तहानेने खचतं.

पायातली रिंग जन्माचं फक्त साल सांगते. ती सातव्या दिवसाच्या आसपास घालावी लागते, नंतर पायाचा पंजा मोठा होऊन ती आत जात नाही. पण हंगामाच्या सुरुवातीला निघालेलं पिल्लू आणि पाच महिन्यांनी निघालेलं पिल्लू, दोघांच्या रिंगवर साल एकच असतं. म्हणून पहिल्या वर्षात मी वय आठवड्यांत मोजतो आणि शेवटचा निर्णय पंखावर सोडतो.

चार आठवड्यांची झाली की पिल्लं आईबापांपासून वेगळी करतो. पुढचे दोन आठवडे काम एकच: ढाबळ, ट्रॅप (ढाबळीत शिरायचं दार) आणि वरून दिसणारा परिसर यांची ओळख. उडायला लागण्याआधी छतावर जाळीचा पिंजरा ठेवून त्यात बसवलं, की ती सावकाश चौफेर बघून घेतात. हे टाळून एकदम मोकळी सोडली, तर पहिल्याच दचक्याला वर जातात आणि परतीची खूण नसल्याने भरकटतात. सोडायची ती भुकेली असताना, संध्याकाळच्या दाण्याआधी.

सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पंखातलं पहिलं मोठं पीस गळतं. मोठी पिसं दहा. गळती आतून सुरू होते आणि बाहेरच्या दहाव्या पिसावर संपते. आतली पिसं गळत असताना उड्डाणावर फारसा परिणाम होत नाही. बाहेरची तीन, म्हणजे आठवं, नववं आणि दहावं, हीच ढकलण्याची ताकद देतात, आणि लांब पीस पूर्ण भरायला महिनाभर लागतो. या तिघांपैकी एखादं गळालेलं किंवा अर्धवट असेल, तर ते कबुतर मी ८०-१०० किलोमीटरच्या पुढे पाठवत नाही, मग वय काहीही असो. डोक्यावरची आणि मानेची बारीक पिसं एकदम झडायला लागली, तर शर्यत बंदच. त्या काळात शरीराची सगळी प्रथिनं पिसं घडवण्यात जातात, उडून आल्यावर भरून काढायला काही उरत नाही.

ही गळती लांबवण्यासाठी अंधाराची पद्धत वापरतात. पिल्लं वेगळी केल्यापासून दोन-अडीच महिने त्यांना रोज जेमतेम नऊ-दहा तास उजेड द्यायचा, म्हणजे अंगाची पिसं हंगामभर टिकतात. पद्धत चालते, पण तिच्या दोन अडचणी आहेत. अंधार करताना हवाही बंद झाली तर श्वासाचे आजार ठरलेले. आणि गळती पुढे ढकलली जाते, टळत नाही. ती उशिरा सुरू होऊन उशिरा संपते. अशा कबुतराच्या पंखात पुढच्या हंगामाच्या तोंडावर जुनं पीस उरलंय का, हे बघूनच त्याचा दुसऱ्या वर्षाचा पल्ला ठरवावा लागतो.

कळप ढाबळीभोवती घिरट्या घालणं सोडून नजरेआड जाऊ लागला आणि पाऊण-एक तासाने परत यायला लागला, की बास्केटची, म्हणजे प्रवासाच्या टोपलीची, वेळ झाली. बहुतेक पठ्ठे तेव्हा दहा ते बारा आठवड्यांचे असतात. मात्र गाडीत चढवण्याआधी दोन-तीन रात्री त्यांना बास्केटमध्येच ठेवतो, बाहेर पाण्याची पन्हळ लावून. बास्केटच्या जाळीतून मान काढून पाणी प्यायचं असतं, हे पठ्ठ्याला आपोआप कळत नाही. जो हे शिकलेला नाही तो शर्यतीच्या सकाळी आधीच सुकलेला असतो. पहिल्या शर्यतीत हरवणाऱ्या पिल्लांचं कारण लोक ससाण्यात शोधतात. मी आधी पन्हळीत शोधतो.

टॉसची, म्हणजे सरावासाठी दूर नेऊन सोडण्याची, अंतरं मी ५, १०, १५, २५, ४०, ६० आणि ८० किलोमीटर अशी घेतो, सगळी शर्यतीच्या दिशेवर. पुढच्या टप्प्यावर जाण्याची अट तारीख ठरवत नाही. कळप सरळ आला की नाही, ते ठरवतं. २५ किलोमीटरला साधारण २५ मिनिटं लागतात. कळप तासाभराने आला तर पुढच्या वेळी पुन्हा २५. चाळीसवरून एकदम दीडशेवर उडी मारणं हा पठ्ठे घालवायचा सगळ्यात सोपा मार्ग.

ढगाळ दिवशी पहिल्या वर्षाची कबुतरं सोडत नाही. कॉर्नेल विद्यापीठातले विल्यम कीटन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की अनुभवी कबुतरांच्या पाठीवर छोटं चुंबक बसवलं, तरी उन्हात ती घराची दिशा पकडतात. पूर्ण ढगाळ हवेत मात्र चुकतात. म्हणजे सूर्य दिसेना की ती दुसऱ्या साधनावर जातात, आणि ते वापरण्याचा सराव पठ्ठ्याला अजून झालेला नसतो. धुकं असेल तर म्हाताऱ्या कबुतरांनाही थांबवावं.

याच वयात पठ्ठ्यांचा आजार येतो. पातळ हिरवी विष्ठा, उलटी, सकाळपर्यंत न रिकामी झालेली गळ्याची पिशवी. बास्केटमधली गर्दी आणि ताण हे त्याचं नेहमीचं निमित्त. दोन-तीन पक्ष्यांत लक्षणं दिसली तरी सगळ्यांचेच टॉस थांबवायचे, दाणा एक दिवस बंद ठेवून मग थोडा-थोडा द्यायचा, पशुवैद्याला विष्ठा दाखवायची. विष्ठा घट्ट झाल्यावरही दोन आठवडे विश्रांती, आणि सुरुवात पुन्हा १० किलोमीटरपासून. पॅरामिक्सो या विषाणूवरची लस टॉस सुरू होण्याच्या बऱ्याच आधी टोचून झालेली असावी.

पहिली शर्यत १०० ते १५० किलोमीटरची. पुढे आठवड्याला ५० ते ७० वाढवत ३०० पर्यंत. हंगामाच्या सुरुवातीला जन्मलेली, अंगाने भरलेली आणि आतापर्यंत एकही रात्र बाहेर न काढलेली कबुतरं वारा अनुकूल असेल तर एकदाच ४०० ला जातात. उशिरा जन्मलेल्यांना मी शंभरावर थांबवतो. त्यांना शर्यतीत उतरवून काही सिद्ध होत नाही. टॉस मात्र सगळे द्यायचे, कारण घरी बसवून ठेवलेलं कबुतर दुसऱ्या वर्षी पठ्ठ्यासारखंच कोरं असतं आणि अंगाने जड झालेलं असतं ते वेगळंच.

पुढच्या आठवड्याचं अंतर मी परतल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी ठरवतो. हातात घेतल्यावर छाती दोन्ही बाजूंनी भरलेली आणि मांस गुलाबी असेल तर पुढचा टप्पा. मांस निळसर, छातीचं हाड हाताला धारदार लागतंय, विष्ठा अजून पातळ आहे, तर एक आठवडा सुट्टी आणि नंतर निम्मं अंतर. रात्र बाहेर काढून आलेल्या पठ्ठ्याला त्या हंगामात पुन्हा लांब पाठवत नाही.

दुसऱ्या वर्षाचं कबुतर दिसायला पूर्ण वाढलेलं असतं, आणि इथेच माणसं फसतात. शरीर तयार, पण डोकं अजून कळपाच्या मागे जाणारं. पहिल्या वर्षी ते बहुतेक वेळा इतरांसोबत आलेलं असतं. स्वतः दिशा धरलेली नसते. त्यामुळे दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर मी ३०-४० किलोमीटरवरून आधी पाच-पाच आणि मग एकेक असं सोडतो, दोन पक्ष्यांत दहा मिनिटांचं अंतर ठेवून. एकट्याने येणाऱ्यांचा क्रम लिहून ठेवावा. लांबच्या शर्यतीला कोण पाठवायचं हे पुढे त्याच वहीतून कळतं, पहिल्या वर्षीच्या बक्षिसांतून क्वचितच.

या वर्षी शर्यती १०० ते ५०० किलोमीटरच्या, शेवटी निवडक पक्ष्यांना एकदा ६००. जोडी लागलेली असते, त्यामुळे ओढ वाढते आणि गोंधळही. पहिल्यांदाच जोडी लागलेला नर मादीला घरट्याकडे हाकत असेल, तर त्या आठवड्यात तो बास्केटमध्ये भांडून दमतो, त्याला घरी ठेवलेलं बरं. मादीला अंडी घालण्याच्या दोन-तीन दिवस आधी पाठवू नये. अंड्यावर आठ-दहा दिवस बसलेली असताना ती सगळ्यात भरवशाची असते. पहिल्या वर्षाच्या मादीला अंड्यांवरून लांब पाठवायची घाई मात्र करू नये, ३०० पुरे.

दाणा पल्ल्यानुसार बदलतो. रोजचा अंदाज एका पक्ष्याला ३० ग्रॅम. आठवड्याच्या सुरुवातीला जव आणि गहू जास्त. जव मागे टाकायला लागले की पोट भरलं असं समजायचं. तीन तासांच्या आतल्या शर्यतीला शेवटच्या एका दिवशी मका वाढवला तरी चालतं. पाच तासांच्या वर मका, करडई आणि थोडे कच्चे शेंगदाणे तीन दिवस आधीपासून, कारण लांबच्या उड्डाणात कबुतर मुख्यतः चरबी जाळतं आणि ती एका संध्याकाळी साठत नाही. उलट, १५० किलोमीटरला चरबी भरून पाठवलेलं कबुतर ते वजन नुसतं वाहत येतं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे पूर्ण दोन वर्षांच्या कबुतराला, ७०० ते ८००. इथे हंगामात चार शर्यती पुरे होतात: दोन २००-३०० च्या तयारीच्या, एक ५०० ची, तीन आठवडे विश्रांती, मग मोठी. दर आठवड्याला पाठवत राहिलं तर अंगातला साठा कधीच भरत नाही, आणि हे कबुतर हरवत नाही, नुसतं मंदावतं, त्यामुळे कारण लक्षात यायला उशीर होतो.

८०० च्या पुढे हिशेबात रात्र येते. १००० मीटरच्या वेगाने, म्हणजे ताशी ६० किलोमीटरने, चौदा तासांच्या उजेडात ८४० किलोमीटर होतात. बहुतेक कबुतरं अंधारात उडत नाहीत. कुठेतरी उतरून, पाणी शोधून, पहाटे पुन्हा निघायचं असतं. त्यासाठी निबर डोकं लागतं. बार्सिलोनाहून सुटणाऱ्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत बेल्जियम-नेदरलँड्सच्या ढाबळींचं अंतर हजार किलोमीटरच्या वर जातं, आणि तिथे एका वर्षाच्या कबुतरांना प्रवेशच नाही. शिवाय सोडण्याआधी चार-पाच दिवस बास्केटमध्ये जातात. त्यात खाणारं, पिणारं आणि न भांडणारं कबुतर आधीच अर्धी शर्यत जिंकतं. मी या अंतराला तीन ते पाच वर्षांची घेतो, तीही ज्यांनी ७०० ला त्याच दिवशी घर गाठलंय आणि चौथ्या दिवशी अंग भरून काढलंय अशीच.

वंशाचा फरकही मानावा लागतो. बेल्जियममधल्या आरेंडोंकच्या यान्सेन बंधू या कबुतरपालकांच्या रक्ताची कबुतरं छोट्या आणि मध्यम पल्ल्यासाठी नावाजलेली. ती लवकर तयार होतात, पहिल्याच वर्षी चमकतात. नेदरलँड्सचे कबुतरपालक यान आर्डेन यांच्या लांब पल्ल्याच्या रक्ताची दोन-दोन वर्षं काहीच दाखवत नाहीत. पहिल्या प्रकाराला केवळ वय झालं म्हणून ९०० ला पाठवणं आणि दुसऱ्याला पठ्ठेपणी मागे राहिला म्हणून काढून टाकणं, दोन्ही तोट्याचे सौदे.

सहाव्या वर्षानंतर बहुतेकांचा वेग उतरतो. आधी परतीनंतर भरून यायला लागणारे दिवस वाढतात, मग पिसांची गळती लांबते. असा पक्षी ५०० वर आणतो, किंवा जोडीला लावतो. पठ्ठ्यांच्या २५-४० च्या टॉसला दोन-तीन जुने सोबत द्यायचे असतील तर पहिल्या एक-दोन वेळांपुरतेच. जास्त वेळा दिले तर पठ्ठे फक्त त्यांच्या मागे उडायला शिकतात.