तुम्ही विचारलंत म्हणून: माडाच्या व्हिनेगरऐवजी पांढरं चालेल का?

विंदालू (गोव्याचं व्हिनेगर घातलेलं डुकराच्या मांसाचं झणझणीत कालवण) किंवा रेशाद मसाला (मासळीत भरायचा लाल मसाला) करायला घेतला की हमखास येणारा प्रश्न: गोव्याचं माडाचं व्हिनेगर मिळत नाही, घरातलं पांढरं घालू का? घाला. फक्त मापाला माप घालू नका.

आधी बाटलीवरचा ॲसेटिक ॲसिडचा, म्हणजे आंबटपणाचा, टक्का वाचा. माडाच्या सुरेपासून (म्हणजे माडीपासून) आंबवलेलं व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांच्या आसपास असतं, ॲपल सायडर (सफरचंदाचं) आणि माल्ट (मोड आणलेल्या बार्लीचं) व्हिनेगर बहुधा ५ टक्के. हिशेब सोपा आहे: पाककृतीतलं माप गुणिले तिथला टक्का, भागिले तुमच्या बाटलीवरचा टक्का. म्हणजे ४ टक्क्यांच्या १०० मिलीऐवजी ५ टक्क्यांचं ८० मिली आणि २० मिली पाणी. जर्मनीत राहणाऱ्यांनी तर डोळे उघडे ठेवावेत. तिथे २५ टक्क्यांचं एसिगएसेन्झ, म्हणजे पाणी घालूनच वापरायचं तीव्र व्हिनेगरही मिळतं. त्याचं १६ मिली आणि ८४ मिली पाणी पुरतं.

आंबटपणा जुळला तरी चव जुळत नाही. सुरेच्या व्हिनेगरला आंबवल्याचा वास आणि किंचित गोडवा असतो. लेबलवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं पांढरं म्हणजे पाण्यात मिसळलेलं ॲसेटिक ॲसिड, बाकी काही नाही. म्हणून ते नाकात झोंबतं. १०० मिलीला पाव चमचा गूळ विरघळवा आणि मसाला तेलात मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता, झोंबरा वास बराच उडून जातो. ॲपल सायडर असेल तर पांढऱ्यापेक्षा तेच घ्यावं, त्याचा फळाचा वास मिरची-लसणाखाली दबून जातो. बाल्सामिक व्हिनेगर मात्र नको: गोड, काळपट, आणि परतताना तळाला लागतं.

रेशाद मसाल्यात एक अडचण आहे. काश्मिरी मिरच्या व्हिनेगरमध्येच भिजवून वाटायच्या असतात, पाण्याचा थेंब नको, तरच तो फ्रिजमध्ये टिकतो. त्यामुळे वरचं पाणी घालण्याचं गणित फक्त त्याच दिवशी शिजवायच्या मसाल्यासाठी. साठवायचा असेल तर ५ टक्क्यांचं व्हिनेगर तसंच वापरा आणि आंबटपणा गुळाने सावरा.

बांगड्यात हा जास्त आंबट मसाला भरून तासन्‌तास ठेवलात तर मासा कडेने पांढुरका पडतो आणि तव्यावर उलटताना तुटतो. वीस मिनिटं पुरे. डुकराच्या मांसाला उलट रात्रभर मुरवणं मानवतं; पण भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळेचं अजिबात नको.

पनीरसाठी दूध फोडायचं असेल तर यातलं काही पाहू नका. एक लिटर दुधाला दोन मोठे चमचे कुठलंही साधं व्हिनेगर, तेवढ्याच पाण्यात मिसळून, दूध फाटेपर्यंत थोडंथोडं घालायचं.

लिंबू चालेल का, हे ओघाने विचारलं जातंच. कोशिंबिरीत चालेल. विंदालूत लिंबाचा ताजा वास शिजताना जातो आणि नुसता आंबटपणा उरतो. टिकवायच्या लोणच्यात तर व्हिनेगरच्या जागी लिंबू घालूच नये, कारण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा आणि त्याच्यावर टक्का छापलेला नसतो.