भंगारकाम नव्हे, म्युरल : आमची वाटचाल

हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. वडील तिथे साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. कामगारांच्या थकलेल्या पैशांसाठी २०२३ उजाडलं. मिल बंद पडली त्या दिवशी वडिलांच्या पिशवीतून घरी आला तो फक्त एक धोटा, मागावर आडवा धागा नेणारा. तेल पिऊन काळपट झालेलं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, आत अर्धी संपलेली सुताची कांडी. माझ्या पहिल्या म्युरलच्या, म्हणजे जुन्या वस्तू जोडून केलेल्या भिंतीवरच्या कलाकृतीच्या, मधोमध तोच बसवला.

इंदूरच्या रामबागेत माझं वर्कशॉप आहे. कांड्या, शिलाई मशीनची चाकं, कड्या-कोयंडे, नऊवारीचे काठ, सगळं चालतं. कुणी भंगारकाम म्हटलं की मला राग येतो. चित्रकलेच्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे आणि एम. एफ. हुसेन यांच्यासारखे चित्रकार शिकले ते याच गावात.

आता त्या हॉटेलचं. लॉबीसाठी आठ बाय चारचं म्युरल, ऐन श्रावणात. तारीख गाठायची म्हणून साधा प्लाय घेतला आणि पितळही पांढऱ्या फेविकॉलनेच चिकटवलं. पंधरा दिवसांत प्लाय फुगला, तुकडे फरशीवर आले. चूक माझीच. पण स्वखर्चाने नवीन करून देतो म्हटलं तरी मालकाने ऐकलं नाही. उरलेले पैसे बुडवले आणि माझ्याकडेच शिकून गेलेल्या मुलाकडून माझंच डिझाइन त्या भिंतीवर लावून घेतलं. खाली सही त्याची! सहा महिने वर्कशॉपचं भाडं बायकोच्या पगारातून गेलं.

कुलूप लावायच्या बेतात होतो, तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. हातात सासूबाईंचं पोचे पडलेलं तांब्याचं घंगाळ. "मोडीत घालवत नाही हो," म्हणाल्या. काठावर सासूबाईंचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं. पत्रा उलगडून म्युरलमध्ये बसवला, पण पोचे ठोकले नाहीत आणि नावाचं एक टिंबही कापलं नाही. त्यांनी सगळे पैसे आधीच दिले. पुढची कितीतरी कामं त्यांच्याच ओळखीतून आली.

नव्या मुलांनो, धातूला एरल्डाइटच (इपॉक्सी गोंद) वापरा, आधी दोन्ही बाजू पॉलिशपेपरने खरखरीत करा. जड तुकड्याला मागून स्क्रू हवाच. चिंचेने उजळलेलं पितळ धुऊन, पूर्ण वाळवून लगेच लॅकर (पारदर्शक लेप) मारा, नाहीतर ते पुन्हा काळवंडतं. आणि निम्मा अ‍ॅडव्हान्स हातात पडल्याशिवाय प्लायला करवत लावू नका.

गेल्या दिवाळीआधी त्याच हॉटेलमधून फोन आला. मॅनेजर नवीन होता, त्याला काही माहीत नव्हतं. दुसऱ्या मजल्यासाठी म्युरल हवं होतं, "खाली लॉबीत आहे तसंच." मी म्हटलं, आधी त्याच्याखालची सही बदला.