बरणीतल्या टिकल्या

प्रयोगशाळेच्या खिडकीलगतच्या कपाटात, वरच्या फळीवर, जाड काचेची आणि घासलेल्या कडेच्या झाकणाची एक बरणी असे. तिच्या तळाशी चुनकळीचे खडे, त्यावर भोके पाडलेली चिनी मातीची चकती आणि त्या चकतीवर ओलाव्यापासून जपायची रसायने, अशी तिची मांडणी होती. १९८१ साली गणपतीच्या सुट्टीनंतरचे सहा आठवडे त्या चकतीवर माझी पिस्तुलात वाजवायच्या टिकल्यांची डबी होती. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा सर्वांत आधी ती बरणी डोळ्यांसमोर आली, म्हणून तिच्याविषयीच लिहितो.

त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला होता आणि जूनमध्ये मी आठवीत गेलो होतो. गणपतीला मुंबईहून चाकरमानी घरी आले की त्यांच्या पिशव्यांतून मुलांसाठी ठरलेला खाऊ यायचा. त्याच्यासोबत काकांनी त्या वर्षी मला पत्र्याचे पिस्तूल आणि टिकल्यांची डबी आणली. पुठ्ठ्याची गोल डबी, आत पातळ गुलाबी कागदाच्या चकत्या आणि प्रत्येक चकतीच्या मधोमध बारीकशा दारूचा फुगीर ठिपका. टिकली वाजली की कागदाला काळपट कडांचे भोक पडे आणि नळीतून निळसर धुराची रेघ निघे. तो वास नाकात भरून घेण्यासाठी आम्ही भावंडे डोक्याला डोके लावून पिस्तुलावर वाकत असू. माटवीखाली आरती चालू असताना टिकली वाजवायची नाही आणि आरती संपल्यावर पहिली टिकली धाकट्याने वाजवायची, हे नियम आम्हीच केले होते व ते पाळलेही जात. पाच दिवसांच्या गणपतीचे विसर्जन होईपर्यंत पिस्तुलाची स्प्रिंग गेली. मग दोन बोल्ट आणि एक नट यांच्यामध्ये टिकली ठेवून, ते हलके पिळून, खळ्यातल्या जांभ्या दगडावर आपटण्याचा खेळ सुरू झाला. त्याचा आवाज पिस्तुलापेक्षा मोठा येई, त्यामुळे पिस्तूल मोडल्याचे दुःख फार टिकले नाही.

खरी अडचण हवेची होती. कोकणातल्या भाद्रपदात पापडही दुपारपर्यंत करकरीत राहत नाही, तिथे कागदाची टिकली काय राहणार! चार दिवसांत कागद लुळा पडे आणि दहा टिकल्यांपैकी चार नुसत्या ‘थप्प’ करून बसत. त्यांना वाचवण्यासाठी आम्ही डबी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत असू, रात्री उशीखाली घेत असू आणि एकदा तर मी ती चुलीच्या ओट्यावर नेऊन ठेवली. आजीने ती तत्काळ उचलली. “चुलीकडे ठेव नको रे झिला, घराक आग लागतली,” एवढेच ती म्हणाली, पण तिचा हात थरथरत होता. तिचा तो हात मला नीट समजला, तो पुढच्याच आठवड्यात.

ज्या टिकल्या वाजत नव्हत्या त्यांची दारू फुकट जाऊ नये, या विचाराने मी आणि माझ्या वर्गमित्राने वीसेक टिकल्या निवडल्या आणि त्यांचे ठिपके पात्याने खरवडायला बसलो. निम्म्या झाल्या असतील. पात्याच्या टोकाखाली पांढरा झोत उठला आणि आवाज कानांवर येण्याआधीच उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी भाजली होती. मित्र दोन हात दूर बसला होता म्हणून त्याच्या डोळ्यांना काही झाले नाही. त्या अंगठ्याच्या पेरावर आजही गुळगुळीत चट्टा आहे.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा विज्ञानाच्या सरांनी माझ्या बोटांची पट्टी पाहिली, काय झाले ते पूर्ण ऐकून घेतले आणि उरलेली डबी दुसऱ्या दिवशी घेऊन यायला सांगितले. छडी खावी लागेल अशा तयारीने मी गेलो होतो. सरांनी माझ्यासमोर टिकल्या मोजल्या, चिठ्ठीवर माझे नाव, इयत्ता आणि ‘५४ नग’ असे लिहिले, चिठ्ठी डबीत घातली आणि डबी बरणीत ठेवून झाकणाच्या कडेला व्हॅसलिनचा हात फिरवला.

त्या दिवशीचा तास त्यांनी काड्यापेटीपासून सुरू केला. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते आणि पेटीच्या बाजूच्या पट्ट्यावर तांबडा फॉस्फरस असतो. एक भरभरून ऑक्सिजन देणारा, दुसरा तो अधाशीपणे घेणारा, म्हणून बनवणाऱ्यांनी दोघांना वेगवेगळ्या जागी ठेवले आहे आणि आपण घासू तेव्हाच त्यांची गाठ पडते. टिकलीत मात्र हे दोन्ही पदार्थ एकाच ठिपक्यात शेजारी बसवलेले असतात. “तू पात्याने खरवडत होतास, म्हणजे प्रत्येक खरवड्याला एक काडी ओढत होतास,” असे सर मला म्हणाले. वर्ग अगदी गप्प झाला होता. ओलाव्याचे कोडेही त्यांनी उलगडले. दमट हवेत तांबड्या फॉस्फरसपासून हळूहळू आम्ल तयार होते आणि ते आम्ल हवेतले आणखी पाणी ओढून घेते. त्यामुळे जी टिकली मुळातच बिघडली आहे ती कितीही वाळवली तरी सुधारत नाही, जिच्या फक्त कागदाला ओल आली आहे तेवढीच वाचते. चुनकळी पाणी कसे शोषते हे पाठ्यपुस्तकात होतेच, पण आपली स्वतःची वस्तू त्या बरणीत ठेवलेली असताना ते वाचणे ही गोष्ट वेगळी होती. रोज मधल्या सुट्टीत आम्ही काही मुले खिडकीतून बरणीकडे पाहून येत असू.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी सरांनी डबी परत दिली. मी टिकल्या मोजून घेतल्या. चावदिवशी, म्हणजे नरकचतुर्दशीला, पहाटे तुळशीपुढे कारीट फोडून, त्याचा कडू रस जिभेला लावून झाल्यावर मी बोल्ट घेऊन खळ्यात बसलो. ५४ पैकी ४१ वाजल्या. शेजारच्या मुलांच्या गणपतीतल्या टिकल्या तेव्हा एकही वाजत नव्हती.

त्याच सुट्टीत सरांनी आम्हा सात जणांना खाडीवर बोलावले. पलीकडच्या काठावर एका मित्राचे घर होते. त्याचे वडील तिकडून सुतळी बॉम्ब लावणार होते, मुलांनी वातीला हात लावायचा नाही ही सरांची पहिली अट होती. तिन्हीसांजेला वारा पडल्यावर आम्ही जेटीवर उभे राहिलो. पलीकडे उजेड दिसला की शाळेच्या क्रीडास्पर्धांचे स्टॉपवॉच चालू करायचे आणि आवाज आला की बंद करायचे. पहिल्या बॉम्बला मी घाईने आवाजाआधीच कळ दाबली. सरांनी ते वाचन वहीत लिहून त्यावर रेघ मारली, खोडू दिले नाही. पुढच्या पाच वेळांची सरासरी १.९ सेकंद आली. प्रयोगशाळेतून आणलेला तापमापक २८ अंश दाखवत होता. शून्य अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३३१ मीटर, दर अंशाला सुमारे ०.६ मीटरची भर, म्हणजे जवळजवळ ३४८. कंदिलाच्या उजेडात गुणाकार केला तेव्हा खाडीची रुंदी ६६१ मीटर निघाली. रोज तरीतून ओलांडत असलेली ती खाडी! मित्राचे वडील होडीने परत आले तेव्हा आम्ही सातही जण एकदमच त्यांना तो आकडा सांगू लागलो होतो.

सर आता हयात नाहीत. गेल्या वर्षी मी शाळेत आलो तेव्हा बरणी त्याच फळीवर होती; झाकण घट्ट बसलेले होते आणि तळाची चुनकळी फुलून तिचे पीठ झाले होते. महोत्सवानंतर प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाणार आहे असे समजते. सामान हलवताना ती बरणी जुनी म्हणून मागे ठेवू नये, अशी माझी विनंती आहे. तिच्यासाठी नवी चुनकळी मी स्वतः घेऊन येईन.