गाडी नसताना कळसूबाई-भंडारदरा: एसटीने कसं फिरायचं

स्वतःची गाडी नसेल तर भंडारदऱ्याच्या वाटेला जाऊ नये, असं बरेच जण सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. लोकल, एसटी आणि जीप एवढ्यावर बारी, शेंडी, रतनवाडी, राजूर असा फेरा आम्ही निवांत केला. फक्त दिवसाची आखणी परतीच्या गाडीपासून सुरू करायची.

मुंबईकरांनी पहाटेची कसारा लोकल धरावी. स्टेशनबाहेर नाशिककडे जाणाऱ्या जीप मिळतात, त्या घोटीला सोडतात. लांब पल्ल्याची रेल्वे मिळाली तर इगतपुरीला उतरा, तिथून घोटी जवळच. पुण्याहून येणाऱ्यांनी उलट्या बाजूने, म्हणजे संगमनेर, अकोले, राजूर असं यावं.

घोटीत ‘भंडारदरा’ लिहिलेल्या पाटीचीच वाट पाहत बसू नका. राजूर-अकोल्याकडे जाणारी गाडी बारीवरून जाते, आणि कळसूबाई चढायची तर बारीलाच उतरायचं. धरणाकडे जायचं असेल तर कंडक्टरला ‘शेंडी’ सांगा, धरणालगतचं गाव ते. गाडी शेंडीत आत जाते की फाट्यावर सोडते, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आम्हाला कंडक्टरने सांगितली. खिडकीवर विचारलं की शेवटच्या गाडीची वेळ कळते, म्हणून मी निर्धास्त होते. तिकीट फाडता फाडता तो म्हणाला, “ताई, ती मुक्कामी गाडी. रात्री गावातच राहते, सकाळी सुटते. तुम्हाला तिच्या आधीची धरायला लागेल.” आतल्या गावांना जाणारी शेवटची गाडी बऱ्याचदा मुक्कामीच असते. ती तुम्हाला पोचवेल, पण त्या रात्री परत आणणार नाही. म्हणून ‘शेवटची गाडी किती वाजता’ असं न विचारता ‘तिकडून परत यायला शेवटची कोणती’ असं विचारा. तिथेच राहणार असाल तर मात्र मुक्कामी गाडीसारखी सोय नाही: संध्याकाळी जायचं, पहाटे तिनेच निघायचं. त्या पहाटेच्या गाडीत कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, टपावर नाही तर पायाशी तांदळाची पोती. कुठला फाटा कधी येतो हे सगळ्यांना पाठ, तुम्हाला झोप लागली तरी कोणीतरी उठवतंच.

काही फेऱ्या शाळेच्या वेळेवर बेतलेल्या असतात. रविवारी आणि सुट्टीत त्या धरून चालू नका.

कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर. शिड्या आहेत, वाट मळलेली आहे, पण चढायला तीन तास तरी हाताशी ठेवा आणि उतरून परतीच्या गाडीआधी तासभर बारीत असा. फाट्यावर उभं राहताना वळणावर थांबू नका, ड्रायव्हरला लांबून दिसाल अशा जागी हात दाखवा.

रतनवाडीला मात्र एसटीच्या भरवशावर जाऊ नये. शेंडीहून जीप ठरवा, माणसं जमली तर परवडते. जलाशयातून बोटीनेही जाता येतं, पण पावसाळ्यात आणि वाऱ्यात ती मिळेलच असं नाही. धरण १९२६ सालचं, प्रवरेवरचं. पाण्याच्या पलीकडे रतनगड, आणि पायथ्याला अमृतेश्वराचं काळ्या दगडातलं देऊळ. शेजारच्या पुष्करणीच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. देवळातून लगेच बाहेर पडू नका, खांबांवरचं कोरीवकाम बघायला वेळ द्या. जीपवाल्याशी थांबण्याचा वेळ निघण्याआधीच बोलून ठेवला तर घाई होत नाही.

काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेर ते पाऊस लागेपर्यंत, शनिवार-रविवारी हे रस्ते गाड्यांनी भरून जातात आणि एसटीही त्यातच अडकते. आठवड्याच्या मधल्या दिवशी या.

खर्च फार नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, पण ओळखपत्र लागतं. सुट्टे पैसे जवळ ठेवा. डोंगरात रेंज गेली की मोबाईलवरून पैसे जात नाहीत.

परतताना राजूरला उतरलात तर पेढे घ्या, इथले प्रसिद्ध आहेत. पण आधी स्टँडवर जाऊन पुढच्या गाडीची वेळ विचारा आणि मगच दुकानाकडे वळा.