साठ ग्रॅमची किडनी

पंचनाम्यात एवढंच होतं: मार्केट यार्डातला हमाल, वय अंदाजे 55, पोतं उतरवून चहाला बसला आणि तिथंच कलंडला. अंगावर जखम नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी रुजू होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. असा अचानक गेलेला माणूस म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली, हे छाती उघडण्याआधीच मनात लिहून टाकायची वाईट खोड मला लागली होती.

हृदय काट्यावर ठेवलं. 560 ग्रॅम. पुरुषाचं साधारण 300 ते 350 भरतं. डावा कप्पा आडवा कापला, तर भिंत 2.2 सेंटीमीटर. निरोगी माणसात ती दीडच्या पुढे जात नाही. मधली पोकळी इतकीशी, की बोट कसंबसं शिरावं. रक्तवाहिन्या मात्र मोकळ्या! पोती उचलून हृदय वाढलं म्हणावं, तर नुसत्या कष्टाने ते एवढं जाड आणि आतून अरुंद होत नाही. चढ्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षं रक्त ढकलत राहिलेलं हृदय होतं ते.

दाब कुठून आला, ते मामांनी दाखवलं. मामा आमचे शवागारातले मदतनीस. नोकरी माझ्या वयाएवढी. दोन्ही गुर्दे ट्रेमध्ये शेजारी ठेवून म्हणाले, "मॅडम, हे एकाच माणसाचे हायत न्हवं?"

डावी किडनी 60 ग्रॅम, उजवी 220. एरवी एकेक दीडशेच्या आसपास असते. महाधमनी उभी चिरली, तर डावीकडे जाणाऱ्या रोहिणीच्या तोंडाशीच चरबीचा कडक थर आणि दाभण जाईल एवढं भोक. माणसाची बोटं बिडीने पिवळी पडलेली होती.

1934 मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या याच रोहिणीला चिमटा लावून रक्तदाब चढवून दाखवला होता. रक्त कमी पडलं की किडनीला वाटतं, सगळ्या शरीरातलाच दाब उतरलाय. मग ती रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते, त्यातून रक्तवाहिन्या आवळतात, मीठ-पाणी अंगात साठतं. पुस्तकात हे मी चार वेळा पाठ केलं होतं. ट्रेमध्ये पहिल्यांदाच पाहत होते.

"पण दुसरा गुर्दा दांडगा हाय की. त्यानं का न्हाई सांभाळलं?" मामांनी विचारलं.

गाळण्याचं काम त्याने सांभाळलं होतंच. पण डावा मेला नव्हता. उपाशी राहून ओरडत होता. पुरता मेला असता, तर गप्प तरी बसला असता.

"अर्धमेल्याचाच तरास जास्त," मामा म्हणाले आणि शिवायला दोरा ओवायला लागले.

दहा दिवसांनी स्लाइड्स आल्या. डावीकडे नलिका सुकून बारीक झालेल्या, त्यामुळे रक्त गाळणारे पुंजके एकमेकांना खेटून बसलेले. भिंती पाडल्यावर नुसते खांब दिसावेत तसे. उजवीकडे नलिका चांगल्या गलेलठ्ठ. जन्मानंतर किडनीत नवे गाळणी-घटक तयार होत नाहीत. होते तेवढेच प्रत्येकी फुगले होते. हृदयातही तेच: तंतू जाडजूड, त्यांची केंद्रकं विटेसारखी चौकोनी. त्यांना पोसणाऱ्या केशवाहिन्या मात्र त्या मानाने वाढल्या नव्हत्या आणि मधूनमधून व्रणाच्या पांढुरक्या रेघा उमटल्या होत्या. अशा हृदयाचा ठेका चुकायला निमित्त लागत नाही.

अहवाल न्यायला मुलगा आला. माथाडी बोर्डाला कागद हवा होता. मी विचारलं, "वडिलांचं बीपी कधी मोजलं होतं?"

त्याने माझ्याकडे जरा विचित्रच नजरेने पाहिलं. "त्यांचं कशाला मोजायचं मॅडम? आदल्या दिवशीपर्यंत गाडी खाली करत होते."