बीटा आली की आधी 'गुऱ्हाळ' टाइप करते

मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानात मी हिशेब बघते, त्याला आता सोळा वर्षं झाली. हंगामात सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी मला दीड-दोन तास निवांत मिळतात. गेले पाच आठवडे त्या वेळात मी एका हलक्या लिनक्सची (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, तपासतेय. तिचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. बीटातली चूक महिन्याभरात दुरुस्त होते, पण नावानिशी लिहिलेली तक्रार नेटवर वर्षानुवर्षं सापडत राहते. चार-पाच माणसं नोकरी सांभाळून, रात्री जागून हे काम करतायत. त्यांच्या नावाला असा डाग लागू नये असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात झाली ती दिवाळीच्या तोंडावर. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, ती आमच्या एकाही मशीनमध्ये नाही. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "ताई, हंगाम तोंडावर आलाय. तीन नवे कॉम्प्युटर घ्यायचे म्हंजे केवढ्याला पडंल! हायत त्येच चालवा की काय तरी करून."

त्यांचं चूक नव्हतं. मशीन चालतायत. कोर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरचा एक डबा, 2 जीबी रॅम. त्याच्यापेक्षा थोडा नवा दुसरा, 4 जीबीचा. तिसरा छोटा ॲटमचा नेटबुक, तो 32 बिटचा. तिसऱ्याचा विषय लगेच संपला. ही बीटा डेबियन 13 या लिनक्सवर बेतलेली आहे. डेबियन 13 आलं 9 ऑगस्ट 2025 ला, आणि त्यात जुन्या 32 बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा. फायरफॉक्सनंही 144 नंतर 32 बिट लिनक्ससाठी नवी आवृत्ती काढायचं थांबवलं. नेटबुक पुसून कपाटात ठेवला. त्यावर मी शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पहिल्या हजारभर पट्ट्या केल्या होत्या, वाईट वाटलं.

आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, उतरवली, ती पूर्ण उतरली का हे पडताळायचा शा-256 चा आकडा जुळवला, पेनड्राइव्हवर चढवली. हे आकडा जुळवायचं काम कुणी टाळू नये. अर्धवट उतरलेल्या फाइलीवरून इन्स्टॉल करायचं, मग जे मोडेल त्याचा दोष बीटाला द्यायचा, आणि तिकडं बनवणारा दोन दिवस नसलेली चूक शोधत बसतो. इन्स्टॉलेशन बिनबोभाट झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

रॅमबद्दल मात्र लिहायला हवं, कारण 'हलकी' म्हणजे काय याचा बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. लॉगिन झाल्या झाल्या मी टर्मिनलमध्ये 'फ्री' कमांड दिली. 2 जीबीपैकी 290 एमबी वापरात. आकडा बघून जीव सुखावला. मग ब्राउझर उघडून फक्त बँकेचं पान लावलं, आकडा 1 जीबीच्या पुढं गेला. मेलचा टॅब उघडला, जीएसटीचं पोर्टल उघडलं, आणि मशीन धापा टाकायला लागलं. डेस्कटॉप कितीही सडपातळ करा, आजची वेबसाइट सडपातळ होत नाही. या बीटात झेडरॅम आधीच चालू होतं, म्हणजे रॅममधलं जे लगेच लागत नाही ते दाबून रॅममध्येच ठेवायचं, डिस्कवर फेकायचं नाही. त्यानं फरक पडला, तीन टॅबपर्यंत काम निभावलं. तरी माझं मत विचाराल तर जुन्या मशीनला आधी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवा, मग रॅम 4 जीबी करा, आणि मग कुठली डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार, ते ठरवा. मी 2 जीबीच्या डब्याला एसएसडी बसवली तेव्हा कुठं ते मशीन हाताला यायला लागलं.

आता खरी गोष्ट.

आमच्या कामाचा जीव म्हणजे पट्टी. शेतकऱ्यानं गूळ आणला, सौदा झाला, की किती रवे (गुळाच्या ढेपा), किती वजन, काय दर, हमाली किती, तोलाई किती, हातात किती, हे सगळं एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायचं. मी या पट्ट्या लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये करते आणि डॉट मॅट्रिक्सवर छापते. कार्बन घालून तीन प्रती एका दमात निघतात, म्हणून तो प्रिंटर अजून आहे. देवनागरी त्याच्या स्वतःच्या पोटात नाही. पान चित्र म्हणून जातं आणि हेड एकेक ओळ करकरत काढत बसतं. पण कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवरसुद्धा आकडा वाचता येतो.

पहिल्या दिवशी प्रिंटर लागला. चाचणी म्हणून आदल्या आठवड्यातली एक पट्टी छापली. पन्हाळ्याकडचे एक काका, गुऱ्हाळवाले, सौद्याच्या आधी येऊन चहा पीत बसले होते. त्यांचीच पट्टी होती. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, परत जवळ धरला.

"ताई, ह्ये काय झालंय? माझ्या गुऱ्हाळाखाली टिंब कुठनं आलं?"

मी बघितलं. 'गुऱ्हाळ' या शब्दात 'गु' ठीक. मग सबंध उभा र, त्याच्याखाली टिंब, टिंबाखाली हलन्ताचा पाय मोडलेला. मग सुटा 'हा', मग 'ळ'. वर 'शेतकऱ्याचे नाव' या ओळीत तेच. 'व्यापाऱ्याचे नाव', तिथंही तेच. एका पट्टीवर तीन ठिकाणी शब्द मोडला होता. 'पट्टी' नीट, 'रक्कम' नीट, 'एकूण' नीट, 'कोल्हापूर' नीट. फक्त अर्धा र मोडला होता, तोही ऱ्या आणि ऱ्हा मधला.

काकांना म्हटलं, "शिकाऊ गाडी आहे काका, हप्त्याभरात करते नीट." ते म्हणाले, "तुमचं काम तुमी करा, पर नाव नीट आलं पायजे." मला ते फार लागलं, कारण ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सहालाच येऊन बसले. आधी संशय स्वतःच्या टायपिंगवर घेतला. मी इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर टाइप करते. शिफ्ट धरून 'जे' (J) ची कळ दाबली की ऱ येतो, मग 'डी' (D) दाबून हलन्त, मग 'यू' (U) दाबून ह. तोच शब्द कॉपी करून फाइलीत ठेवला आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली. तिथं 'गुऱ्हाळ' अगदी देखणं. म्हणजे फाइलीत अक्षरं बरोबर होती, कीबोर्डही बरोबर होता. दाखवणारा फॉन्ट चुकत होता.

मग 'एफसी-मॅच' ही कमांड मराठीसाठी चालवली. मराठी मजकूर आला तर सिस्टीम कुठला फॉन्ट वापरणार, ते ती सांगते. जो फॉन्ट निघाला तो एका फाइलीत पुष्कळ लिप्या कोंबलेला, जागा वाचवायला ठेवलेला. आणि इथं मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट समजली. एखादा फॉन्ट मराठीला चालतो की नाही हे फॉन्टकॉन्फिग (लिनक्समधलं फॉन्ट निवडणारं साधन) ठरवतं ते त्यात मराठीची सगळी अक्षरं आहेत का एवढं मोजून. ऱ आहे का? आहे. हलन्त आहे का? आहे. ह आहे का? आहे. झालं, पास. पण ऱ आणि हलन्त शेजारी आले की दोघांचा मिळून तो आडवा अर्धा र काढायचा, हा नियम फॉन्टच्या आत वेगळा लिहावा लागतो. तो त्या फॉन्टमध्ये नव्हता. अक्षरं हजर होती, जोडणी गैरहजर.

हिंदीत हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. हिंदीला हा अर्धा र लागतच नाही, तिथं र आणि हलन्त आले की रफार डोक्यावर जातो आणि काम भागतं. देवनागरी म्हणून कुणी हिंदी मजकूर टाकून तपासलं असेल तर त्याला सगळं ठीकच दिसलं असणार. मराठीत मात्र 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्याला' पैसे दिले आणि 'आचाऱ्याला' पैसे दिले, यात पैसे वेगळ्याच माणसाला गेले. नेपाळीतही असा अर्धा र आहे, पण तिथं तो बहुधा वेगळ्या पद्धतीनं लिहितात, साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. मराठीतही नेटवर दोन्ही पद्धती सापडतात. म्हणून मी दोन्ही तपासल्या. त्या फॉन्टमध्ये दोन्ही मोडत होत्या.

मग मी लोहित देवनागरी हा दुसरा फॉन्ट टाकून बघितला, तोच तर माझा पुरावा होता. फाइल एक मेगाबाइटच्याही आतली. टाकल्याबरोबर मेनूत, फाइलींच्या नावात, एडिटरमध्ये शब्द सरळ झाले. कॅल्कमध्ये मराठीचा फॉन्ट इंग्रजीहून वेगळा ठरवावा लागतो, तोही बदलला. माझं काम इथंच संपलं असतं. पण मग बीटा कशाला तपासायची? माझ्या मशीनवर मी फॉन्ट टाकला, इचलकरंजीत कुणी हीच डिस्ट्रो लावेल त्याच्या पट्टीचं काय?

म्हणून बनवणाऱ्यांना पाठवायला नोंद लिहिली. इंग्रजी माझं कामापुरतं, तरी वाक्यं लहान ठेवली की निभतं. कुठलं मशीन, कुठली आयएसओ, कुठल्या कळा दाबल्या, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. दोन्ही फॉन्टमधली 'गुऱ्हाळ'ची चित्रं शेजारी-शेजारी. एफसी-मॅचचं उत्तर जसंच्या तसं. आणि शेवटी एक ओळ, की हा शब्द आमच्या प्रत्येक पावतीवर असतो.

दोन दिवसांनी उत्तर आलं. समोरच्याला देवनागरी वाचता येत नव्हती. त्यानं विचारलं, दोन चित्रांतलं बरोबर कुठलं? प्रश्न मला आवडला, कारण त्यानं अंदाजावर सोडलं नाही. मी कागदावर पेनानं मोठा 'ऱ्हा' काढला, अर्ध्या र भोवती लाल गोल केला, फोटो पाठवला. इंग्रजीत याला 'आयलॅश रा' म्हणतात, पापणीसारखा दिसतो म्हणून, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

बीटा तपासणं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं आमच्या घरातही बोललं जातं. त्यांना मी एक्सझेडची गोष्ट सांगते. 2024 च्या मार्चमध्ये अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला जाणवलं की त्याच्या मशीनवर एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर लांबून शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्यानं सोडून दिलं असतं. तो खणत गेला आणि एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कुणीतरी लपवलेलं मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, सापडलं. 29 मार्चला त्यानं ते जाहीर केलं. ते दार तेव्हा डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचलं होतं, स्थिर आवृत्तीत गेलं नव्हतं. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सनं 24.04 ची बीटा आठवडाभर पुढं ढकलून 11 एप्रिलला काढली. चाचणीच्या आवृत्तीवर रोजचं काम करणारा एक माणूस अर्ध्या सेकंदावर अडून बसला, म्हणून जगभरचे सर्व्हर वाचले. माझा अर्धा र त्या मानानं लहान आहे, पण अडून बसायची सवय तीच.

मागच्या सोमवारी दुसरी बीटा आली. जुनी पुसून कोऱ्या डिस्कवर बसवली, वरून एकही फॉन्ट टाकला नाही. पहिल्यांदा एडिटर उघडला, 'गुऱ्हाळ' टाइप केलं. आलं. 'शेतकऱ्याचे', 'व्यापाऱ्याचे', 'दऱ्याखोऱ्या', नेपाळी पद्धतीचाही अर्धा र. सगळे आले. पट्टी छापली. कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवरही र ची ती बारीक आडवी रेघ दिसत होती, मी भिंगानं बघितली.

गुरुवारी पन्हाळ्याचे काका आले. त्यांच्या सौद्याची पट्टी त्याच मशीनवरून काढून दिली. त्यांनी आधी दर बघितला, मग वजन, मग हमालीच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्ये गेल्या खेपंपेक्षा वाढलंय नव्हं?" रव्यांची संख्या जास्त होती, ती दाखवली. त्यांनी मान हलवली, पट्टीची घडी घातली आणि खिशात ठेवली.

4 जीबीच्या मशीनवर अजून एक चूक आहे. झोपवून उठवलं की प्रिंटर हरवतो, केबल काढून घातली की सापडतो. लॉगमध्ये काय येतं ते रविवारी शांतपणे बघणार आहे. नोंद अर्धी लिहून ठेवलीय.