तुम्ही विचारलंत म्हणून: राईशेजारी घरं होणार असतील तर हरकत कशी घ्यायची?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न वारंवार येतो. ‘आमच्या वस्तीमागे जुनी राई आहे. तिला लागून असलेल्या शेतावर दीड-दोनशे घरांचा अर्ज आलाय. शेजारी हरकती घेताहेत. आम्हीही घ्यावी का? त्याचा काही उपयोग होतो का? आणि आम्ही तर भाड्याने राहतो, व्हिसावर आहोत. आम्हाला तो अधिकार आहे का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अधिकार आहे. त्यासाठी घरमालक असावं लागत नाही, नागरिकत्व लागत नाही, मतदारयादीत नाव लागत नाही. फक्त नाव आणि पत्ता लागतो, कारण निनावी पत्राला वजन मिळत नाही. तुमचं पत्र कौन्सिलच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतं, तेव्हा फोन नंबर, मुलांची शाळा, घरातली आजारपणं त्यात घालू नका. मुदत सर्वसाधारणपणे २१ दिवसांची असते. ती उलटल्यावर आलेली पत्रंही निर्णय होईपर्यंत बहुतेक कौन्सिलं विचारात घेतात, पण त्यावर विसंबू नये. मोठ्या अर्जाचा निर्णय १३ आठवड्यांत आणि पर्यावरणीय परिणामांचा पूर्ण अहवाल लागणारा असेल तर १६ आठवड्यांत व्हावा असा नियम आहे. तो अनेकदा लांबतो.

आता राईबद्दल. इथे जिला एन्शंट वुडलँड म्हणतात ती म्हणजे इंग्लंड आणि वेल्समध्ये निदान सन १६०० पासून सलग झाडीखाली असलेली जमीन. स्कॉटलंडमध्ये हे वर्ष १७५० आहे. ब्रिटनच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम अडीच टक्के जमीन आता अशी उरली आहे. झाडं चारशे वर्षांची असावीत असा याचा अर्थ नाही. ती अनेकदा तोडली गेलेली असतात, बुंध्यातून पुन्हा फुटलेली असतात. जुनी आहे ती माती. तिच्यातली बुरशी, बिया, कंद आणि कीटक नांगराखाली कधी आलेले नाहीत. आपल्या देवराईत पाऊल टाकलं की पायाखाली जो भुसभुशीतपणा लागतो, तोच इथेही लागतो. वुड अ‍ॅनिमोनीचं पांढरं फूल शंभर वर्षांत जेमतेम दोन मीटर पसरतं असं मानतात. त्याचा गालिचा दिसला की ती जागा किती काळ शांत पडून आहे याचा अंदाज करता येतो.

म्हणूनच इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात, म्हणजे एनपीपीएफमध्ये, राईला ‘पुन्हा निर्माण न करता येणारा अधिवास’ म्हटलं आहे. तिचा नाश किंवा ऱ्हास करणारा प्रकल्प नाकारावा, अपवाद फक्त सर्वस्वी असाधारण कारण असेल आणि भरपाईची योग्य योजना असेल तरच, असं धोरण सांगतं. डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीत हे १९३ व्या परिच्छेदाचं ‘सी’ कलम आहे. त्याआधीच्या डिसेंबर २०२३ च्या आवृत्तीत तेच १८६ होतं आणि २०२१ मध्ये १८०. जुन्या पत्राची नक्कल करणारे हमखास जुना क्रमांक देतात, आणि पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याला नक्कल लगेच कळते. पत्र पाठवायच्या दिवशी चालू आवृत्ती उघडून क्रमांक बघून घ्या.

या कलमातल्या ‘ऱ्हास’ या शब्दावर सगळी मदार ठेवा, असं माझं ठाम मत आहे. कारण राईतलं एकही झाड तोडणार नाही असंच बिल्डरच्या कागदांत लिहिलेलं असतं, आणि ते खरंही असतं. राई मरते ती कडेकडून. परसाच्या कुंपणावरून कापलेलं गवत आणि कुंड्यांतली माती पलीकडे फेकली जाते, त्यातून स्पॅनिश ब्लूबेल, चेरी लॉरेल, ठिपक्यांच्या पानांची शोभेची यलो आर्चएंजल अशी झाडं आत शिरतात. कुत्र्यांच्या विष्ठेने आणि मूत्राने मातीत नत्र आणि स्फुरद वाढतं, मग ब्लूबेल हटून खाजकुयलीसारखी चटका देणारी नेटल आणि काटेरी ब्रॅम्बल माजते. नवीन पायवाटांनी माती दबते. रस्त्यावरच्या दिव्यांनी बार्बास्टेलसारखी उजेड टाळणारी वटवाघळं त्यांची वाट सोडतात. मांजरं जमिनीलगत घरटी करणाऱ्या पक्ष्यांपर्यंत पोचतात. आणि पाच-सात वर्षांनी परसात सावली पडते, पानं पन्हाळीत अडकतात, फांदी पडेल अशी भीती वाटते, म्हणून तेच रहिवासी कडेची झाडं छाटण्याचा अर्ज करतात. यातलं प्रत्येक कारण पत्रात ज्या घरामुळे घडणार आहे त्या प्लॉटच्या क्रमांकासकट लिहा.

त्यासाठी मोजमाप करावं लागतं, आणि खरा वेळ तिथेच घालवावा. नॅचरल इंग्लंड आणि फॉरेस्ट्री कमिशन या निसर्ग आणि वनं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थांनी कौन्सिलांसाठी मिळून दिलेला कायमचा सल्ला आहे. राईच्या हद्दीपासून कमीत कमी १५ मीटरची पट्टी मोकळी सोडावी, तीही नैसर्गिक झुडपं-गवत असलेली. घरांची परसं या पट्टीत येऊ देऊ नयेत. पावसाचं पाणी मुरवण्याची तळी तिथे तेव्हाच चालतील, जेव्हा मुळांना धक्का लागत नाही आणि भूजलात होणाऱ्या बदलाचा राईला त्रास होत नाही. १५ हा तळ आहे, छत नव्हे. जिथे परिणाम जास्त दूरवर पोचणार असतील तिथे जास्त रुंद पट्टी लागते, हेही त्याच सल्ल्यात आहे. वुडलँड ट्रस्ट ही संस्था अनेक ठिकाणी ५० मीटर मागते.

लेआउटचा नकाशा बऱ्याचदा ए१ आकाराच्या कागदासाठी १:५०० प्रमाणात असतो. त्यावर १५ मीटर म्हणजे ३ सेंटिमीटर. तोच ए३ वर छापला की दीड सेंटिमीटर होतात, ए४ वर जेमतेम एक. घरच्या प्रिंटरवर ए४ काढून त्यावर १:५०० च्याच प्रमाणाने मोजणारा माणूस ‘पट्टी पाच मीटरच आहे’ असं लिहून बसतो, आणि मग त्याच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही कुणी भरवसा ठेवत नाही. नकाशाच्या कोपऱ्यातली मोजपट्टी वापरा, ती छपाईबरोबर लहानमोठी होते.

मोजायला सुरुवात कुठून केली आहे हेही बघा. काही वेळा मोजणी कडेच्या झाडाच्या खोडापासून केलेली असते. पण जुन्या राईच्या कडेला बहुधा मातीचा बांध आणि त्याबाहेर चर असतो. तो राईचाच भाग आहे, आणि मोजणी त्याच्या बाहेरून व्हायला हवी. अशा जुन्या रायांच्या सरकारी नोंदवहीतली रेषही प्रत्यक्ष जागेपासून काही मीटर सरकलेली असू शकते. सार्वजनिक पायवाट असेल तर जाऊन बांधाचे फोटो काढा, नकाशावर जागा दाखवा.

कडेला एखादं म्हातारं झाड असेल तर त्याचा हिशेब वेगळा. खोडाच्या व्यासाच्या १५ पट, किंवा पानोऱ्याच्या कडेपलीकडे ५ मीटर, यातलं जे जास्त असेल तेवढं अंतर सोडायचं. साध्या झाडांसाठी वापरलं जाणारं बीएस ५८३७ हे मानक १२ पट धरतं, आणि बिल्डरचा अहवाल कधी कधी म्हाताऱ्या झाडालाही तेच लावतो. जमिनीपासून दीड मीटरवर खोडाला टेप गुंडाळा. घेर ३.८ मीटर आला तर ३.१४ ने भागून व्यास साधारण १.२ मीटर. १२ पटींनी १४.४ मीटर होतात, १५ पटींनी १८. त्या साडेतीन मीटरांत एखाद्या घराचा पाया येतो.

नोंदवहीत तुमची राईच नसेल तर? दोन हेक्टरांपेक्षा लहान राया मूळ नोंदीतून सुटल्या होत्या. आता पाव हेक्टरापर्यंतच्या नोंदवण्याचं काम चालू आहे. मॅजिक या सरकारी ऑनलाइन नकाशावर एन्शंट वुडलँडचा थर उघडून आधी बघा. नसेल तर नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या वेबसाइटवर इंग्लंडचेही एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे फुकट मिळतात, आणि आजच्या हवाई छायाचित्रावर ते ठेवून बघता येतात. १८४० च्या आसपासचे टाइथ नकाशे, म्हणजे चर्चच्या दशांश करासाठी केलेले नकाशे, जिल्ह्याच्या अभिलेखागारात असतात. हद्द सगळ्या नकाशांत तशीच वाकडीतिकडी राहिली असेल तर तो चांगला पुरावा. सोबत ब्लूबेल, वुड अ‍ॅनिमोनी, डॉग्ज मर्क्युरी, रानलसूण यांच्या तारीखवार नोंदी जोडा. एका ब्लूबेलवरून काही सिद्ध होत नाही, अशा अनेक जाती एकत्र दिसाव्या लागतात. ‘राईत सुचिपर्णी झाडांची लागवड झाली आहे, म्हणून ती कमी दर्जाची’ असं अहवालात असेल तर घाबरू नका. जुन्या राईच्या जागेवर लावलेली लागवडही धोरणाच्या व्याख्येत बसते, तिला संरक्षण तेच.

पर्यावरण अहवालात तारखा आधी वाचा. राईतली फुलं एप्रिल-मेमध्ये दिसतात, नोव्हेंबरात केलेल्या पाहणीला ती दिसणार कशी? वटवाघळांच्या हालचालींची पाहणी मे ते सप्टेंबर, मोठ्या शिखाधारी न्यूटची (पाण्यात अंडी घालणारा सरड्यासारखा उभयचर) मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, डॉरमाऊस या झाडावरच्या छोट्या उंदरासारख्या प्राण्याची एप्रिल ते नोव्हेंबर. तीन वर्षांहून जुना अहवाल सहसा धरत नाहीत. पाहणी चुकीच्या ऋतूतली असेल तर निर्णयाआधी ती पुन्हा करायला लावा, अशी मागणी करा.

‘आम्ही दहा टक्के जैवविविधता वाढवून देतो’ हे वाक्य आता प्रत्येक मोठ्या अर्जात असतं, कारण १२ फेब्रुवारी २०२४ पासून ते बंधनकारक आहे. पण राईचं नुकसान त्या हिशेबात भरून काढता येत नाही. तो आकडा शेताचा आहे. राईच्या ऱ्हासाचा मुद्दा त्यापलीकडे उभा राहतो, आणि हे पत्रात स्पष्ट लिहायला हवं.

घरांच्या गरजेबद्दलही प्रामाणिक राहा. घरं हवीच आहेत, तुम्हालाही आणि तुमच्यानंतर येणाऱ्यांनाही. पुढच्या पाच वर्षांपुरती जमीन कौन्सिलला दाखवता आली नाही तर धोरणाचं पारडं बिल्डरकडे झुकतं. ‘इथे घरंच नकोत’ असं लिहिलेलं पत्र अशा वेळी वाया जातं. मात्र पुन्हा निर्माण न होणाऱ्या अधिवासासाठी या झुकत्या पारड्यालाही अपवाद आहे, धोरणाच्या ११ व्या परिच्छेदाखालच्या ७ व्या तळटीपेत तो दिला आहे. घरांची किंमत उतरेल, खिडकीतला देखावा जाईल, बिल्डर लोभी आहे, हे मुद्दे विचारात घेतलेच जात नाहीत. शंभर जणांनी एकच छापील मजकूर पाठवला तर त्यातला मुद्दा एकदाच मोजला जातो. त्यापेक्षा चौघांनी कामं वाटून घ्यावीत: एकाने अंतरं, एकाने पाण्याचा निचरा, एकाने दिवे, एकाने पाहण्यांच्या तारखा.

जुने निर्णय तुमच्याविरुद्ध मांडले जातील. केंटमधल्या ओकन वूडमध्ये २०१३ साली खाणीच्या विस्तारासाठी तीस हेक्टरांहून जास्त राई तोडायला मंत्र्यांनी परवानगी दिली होती. पण तेव्हाचं धोरण फायदा-तोटा तोलणारं होतं. ‘सर्वस्वी असाधारण’ हे शब्द २०१८ मध्ये आले. उलट केंटमध्येच लॉज हिल इथे, नाइटिंगेल पक्ष्यांच्या संरक्षित जागेवर ५,००० घरांना कौन्सिलने २०१४ मध्ये होकार दिला, सरकारने अर्ज स्वतःकडे मागवला आणि २०१७ मध्ये तो मागे घेतला गेला.

सगळ्यात जास्त फसगत होते ती आउटलाइन, म्हणजे तत्त्वतः मंजुरीच्या पहिल्या टप्प्यातल्या, अर्जात. त्यात घरांची संख्या आणि रस्त्याचं तोंड एवढंच ठरतं, सोबतचा सुंदर हिरवा नकाशा नुसता नमुन्यादाखल असतो. लोक तो बघून शांत होतात. पुढच्या टप्प्यावर घरं राईकडे सरकतात, आणि तेव्हा संख्या आधीच मंजूर असते. म्हणून आउटलाइनच्या वेळीच अटी मागा: पट्टीची किमान रुंदी मीटरमध्ये, ती बंधनकारक नकाशावर दाखवलेली. घरांची तोंडं राईकडे, मध्ये रस्ता किंवा गवत, म्हणजे कुणाचंही परस राईला भिडणार नाही. दिवे पिवळसर उजेडाचे, म्हणजे २७०० केल्विन किंवा त्याखालचे, झाकलेले, राईकडे उजेड न सांडणारे. पट्टीची निगा कोण, किती वर्षं, कुणाच्या पैशाने राखणार हे कलम १०६ च्या, म्हणजे कौन्सिल आणि बिल्डर यांच्यातल्या बंधनकारक, करारात लिहिलेलं.

अर्ज कौन्सिलच्या नियोजन कमिटीपुढे आला तर बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात, कधी ती सगळ्या हरकतदारांत मिळून असतात. एकच नकाशा दाखवा, एकच अंतर सांगा. नाकारला गेल्यावर बिल्डर अपील करू शकतो आणि तुमची पत्रं तिथे आपोआप जातात. मंजूर झाला तर रहिवाशांना अपील नाही. प्रक्रियेत कायद्याची चूक असेल तरच उच्च न्यायालय, तेही सहा आठवड्यांच्या आत.

मंजुरीनंतर पहिल्या यंत्राच्या आधी कुंपण यायला हवं: मचाणाच्या नळ्यांच्या भक्कम सांगाड्यावर बसवलेली जाळी, मंजूर नकाशातल्या रेषेवर. बहुतेक नुकसान पहिल्या काही आठवड्यांत होतं, जेव्हा पट्टीत मुरूम ओतला जातो आणि खोदकामाची माती रचली जाते. सार्वजनिक वाटेवरून दर आठवड्याला त्याच जागेवरून फोटो काढा. कुंपण सरकलेलं दिसलं तर त्याच दिवशी अट क्रमांक आणि फोटो कौन्सिलच्या एन्फोर्समेंट विभागाला पाठवा.